कर्नल अपडेटनंतर काळी पडणारी स्क्रीन: लिनक्सवरील ग्राफिक्स ड्रायव्हरची क्रमवार तपासणी

कोल्हापुरात गेली काही वर्षे मी परिचितांच्या आणि काही लहान कार्यालयांच्या लिनक्स संगणकांची देखभाल करतो आहे. उद्यमनगरात कास्टिंगची ड्रॉइंग काढणारी कार्यालये, राजारामपुरीतल्या व्हिडिओ संकलनाच्या खोल्या, विद्यापीठ परिसरात भाड्याने राहणारे विद्यार्थी अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून बोलावणे येते, पण तक्रार बहुधा एकाच वाक्यात मावते: "काल रात्री अपडेट झाले आणि आज सकाळपासून स्क्रीनवर काहीच येत नाही." पुष्कळदा माझ्या आधी कोणीतरी ग्राफिक्स कार्ड जळाल्याचा निर्वाळा दिलेला असतो, आणि नव्या कार्डाची चौकशीही सुरू झालेली असते. माझ्या अनुभवात अशा दहांपैकी आठ वेळा तरी कार्ड धडधाकट निघाले आहे. कार्ड आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, यांना जोडणारा ड्रायव्हर हा प्रोग्राम तेवढा जागेवरून सुटलेला असतो. तो कुठे सुटला हे शोधण्याचा, सोप्या आणि बिनखर्चाच्या गोष्टींपासून सुरू होणारा क्रम पुढे दिला आहे. आदेशांची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आदेश टाइप करण्याच्या खिडकीत, ती लहान रोमन अक्षरांत टाइप करावीत.

लक्षणे

या बिघाडाची रूपे चार आहेत. पहिल्यात संगणक सुरू होतो, मदरबोर्डच्या कंपनीचे चिन्ह दिसते, आणि त्यानंतर स्क्रीन काळी पडून डाव्या कोपऱ्यात फक्त एक आडवी रेघ लुकलुकत राहते. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबल्यावर मात्र अक्षरी लॉगिन मिळते, म्हणजे आतले यंत्र जागे असते. दुसऱ्या रूपात डेस्कटॉप येतो, पण चित्र १०२४ गुणिले ७६८ वर अडकते आणि दुसरा मॉनिटर सापडत नाही. तिसऱ्यात पासवर्ड बरोबर असूनही यंत्र पुन्हा पुन्हा लॉगिनच्या पानावरच आणून सोडते.

चौथे रूप सर्वांत फसवे आहे. वरवर सगळे ठीक दिसते, पण खिडकी ओढली की ती मागे रेंगाळते, व्हिडिओ अडखळतो आणि प्रोसेसरचा पंखा सतत घुमत राहतो. अशा वेळी सेटिंगमधल्या माहितीच्या पानावर ग्राफिक्सच्या रकान्यात कार्डाच्या नावाऐवजी ‘एलएलव्हीएमपाइप’ हा शब्द दिसतो. याचा अर्थ असा की कार्ड रिकामे बसले आहे आणि प्रत्येक चित्र प्रोसेसर स्वतः हिशेब करून काढतो आहे. ‘यंत्र जुने झाले, आता हळूच चालणार’ असे समजून लोक महिनोन्‌महिने या अवस्थेत काम करतात, याचे मला फार वाईट वाटते.

कंपनीच्या चिन्हापासूनच चित्रात रंगीत पट्टे किंवा ठिपके असतील, किंवा चिन्हच दिसत नसेल, तर ड्रायव्हरच्या मागे लागू नये. त्या क्षणी लिनक्स सुरूच झालेले नसते. केबल एकदा पाहून घ्यावी आणि थेट शेवटच्या भागाकडे जावे.

केबल, रीस्टार्ट आणि विसरलेली दुरुस्ती

पहिली तपासणी मॉनिटरची केबल कोणत्या खाचेत आहे याची. झाडलोट करताना टेबल सरकते, केबल निघते, आणि परत लावणारा माणूस जी खाच हाताला लागेल तिच्यात ती खोचतो. मदरबोर्डची खाच आणि कार्डाची खाच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ हे अक्षर असते त्यांच्यात अंगभूत ग्राफिक्स नसते, त्यामुळे तिथे मदरबोर्डच्या खाचेतून काहीच येत नाही. अंगभूत ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरांवर बहुधा चित्र येते, पण ते अंगभूत ग्राफिक्सचे असते, आणि मालकाला आपले कार्ड मंदावले असे वाटते.

दुसरी तपासणी रीस्टार्टची. उबुंटू या लिनक्सच्या वितरणात (तयार संचात) सुरक्षेचे अपडेट न विचारता आपोआप बसतात. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचे नवे भाग डिस्कवर उतरलेले असतात, पण स्मृतीत जुनेच मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा ड्रायव्हरचा भाग) चालू असते, आणि ‘एनव्हिडिया-एसएमआय’ हा आदेश दिल्यावर ड्रायव्हर आणि लायब्ररी यांची आवृत्ती जुळत नसल्याचा संदेश येतो. हा बिघाड नाहीच, आणि नीट रीस्टार्ट केल्यावर तो जातो. फेडोरा या दुसऱ्या वितरणावर याच्या उलट काळजी घ्यावी लागते. तिथे अपडेटनंतर मॉड्यूल पार्श्वभूमीवर तयार होत असते, म्हणून कर्नल बदलला असेल तर पाचेक मिनिटे थांबून मगच रीस्टार्ट करावे.

तिसरी तपासणी बहुतेक जण विसरतात. मागच्या वेळी स्क्रीन काळी झाली तेव्हा कोणीतरी कर्नलला ‘नोमोडसेट’ हा शब्द देऊन काम भागवले असेल, आणि तो तिथेच राहून गेला असेल. त्या शब्दाने कर्नलला ग्राफिक्सची मांडणी करू नकोस असे सांगितलेले असते. अडचणीच्या वेळी तो उपयोगी आहे, पण तो कायम ठेवला तर एएमडीचा ड्रायव्हर चढतच नाही आणि चित्र अडकून राहते. ‘कॅट’ या आदेशाने ‘प्रॉक’ फोल्डरातील ‘सीएमडीलाइन’ ही फाइल पाहिली की तो शब्द आहे की नाही हे लगेच कळते. असल्यास तो ग्रबच्या, म्हणजे यंत्र सुरू होताना कर्नल चालू करणाऱ्या प्रोग्रामच्या, सेटिंगमधून काढावा आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवावे.

जुन्या कर्नलने सुरू करून पाहणे

माझ्याकडे एकाच तपासणीपुरता वेळ असेल तर मी हीच करतो. यंत्र सुरू होताना एस्केप दाबावे, फार जुन्या यंत्रावर शिफ्ट दाबून धरावे, म्हणजे ग्रबची यादी येते. तिच्यात प्रगत पर्यायांच्या ओळीखाली आधीचा कर्नल ठेवलेला असतो. तो निवडावा. त्यावर डेस्कटॉप पहिल्यासारखा आला तर कार्ड, केबल, मॉनिटर आणि वीजपुरवठा हे चारही एकदम निर्दोष ठरतात, आणि तेही एक रुपया न खर्चता. बिघाड नव्या कर्नलमध्ये आणि ड्रायव्हरच्या जोडणीत आहे हे निश्चित होते. शिवाय त्या दिवसाचे काम जुन्या कर्नलवर पुरे करता येते आणि दुरुस्ती संध्याकाळी सवडीने करता येते.

असे का होते, हे समजून घेतले पाहिजे. लिनक्स कर्नल बाहेरच्या प्रोग्रामांशी जो व्यवहार करतो तो वर्षानुवर्षे बदलत नाही. त्याच्या आतल्या भागांचा आपापसातला व्यवहार मात्र कर्नलकर्ते हवा तेव्हा बदलतात, आणि तो स्थिर ठेवायचा नाही हे त्यांनी जाणूनबुजून ठरवलेले आहे. जो ड्रायव्हर कर्नलच्या मुख्य झाडातच, म्हणजे कर्नलच्याच स्रोतसंग्रहात, राहतो त्याला याची झळ लागत नाही, कारण आतला एखादा भाग बदलणाऱ्याने त्यावर अवलंबून असलेले सगळे ड्रायव्हर त्याच वेळी जुळवून द्यायचे असतात. उद्यमनगरातल्या माणसाला हे लगेच पटते. आपल्याच कारखान्यात ओतलेल्या भागाचे माप बदलले तर त्याला बसणारे सगळे भाग त्याच दिवशी त्याच ड्रॉइंगवरून बदलतात, पण बाहेरून करून घेतलेला भाग पुन्हा लेथवर चढवावा लागतो. एनव्हिडियाचा ड्रायव्हर हा बाहेरचा भाग आहे. प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो पुन्हा घडवावा लागतो, आणि ज्या दिवशी ती घडण फसते त्या दिवशी स्क्रीन काळी होते. इंटेल आणि एएमडी यांचे ड्रायव्हर झाडात आहेत, म्हणून त्यांच्या यंत्रांवर हा विशिष्ट बिघाड मला क्वचितच दिसला आहे.

कोणता ड्रायव्हर खरोखर चालू आहे

अक्षरी लॉगिनमधून ‘एलएसपीसीआय’ हा आदेश ‘एनएनके’ या पर्यायासह द्यावा आणि ग्राफिक्सच्या ओळीखाली वापरात असलेला ड्रायव्हर कोणता ते वाचावे. ‘आय९१५’ किंवा ‘एक्सई’ असेल तर इंटेल, ‘एएमडीजीपीयू’ किंवा ‘रेडिऑन’ असेल तर एएमडी. एनव्हिडियाच्या कार्डाखाली ‘एनव्हिडिया’ असेल तर कंपनीचा ड्रायव्हर आणि ‘नूव्हो’ असेल तर कंपनीबाहेरच्या स्वयंसेवकांनी सुरू केलेला मुक्त ड्रायव्हर चालू आहे. ओळच नसेल तर कोणीही चालू नाही. हे न पाहता ड्रायव्हर काढणे-घालणे सुरू करू नये, कारण ‘चढलाच नाही’ आणि ‘चढला पण नीट चालत नाही’ यांचे उपाय अगदी वेगळे आहेत.

याच आदेशात कार्डाचा चिप क्रमांकही दिसतो. तो कागदावर लिहून ठेवावा, कारण खोक्यावरच्या नावावर विसंबता येत नाही. जीटी ७३० या एकाच नावाखाली फर्मी आणि केप्लर अशा दोन वेगळ्या पिढ्यांची कार्डे विकली गेली आहेत, आणि दोन्हींना लागणारा ड्रायव्हर वेगळा आहे.

आपल्या कार्डाला ड्रायव्हर उरला आहे का

इथे थोडे सविस्तर लिहितो, कारण जुन्या बाजारातून घेतलेली कार्डे आपल्याकडे फार आहेत आणि खरे उत्तर इथेच दडलेले असते.

एनव्हिडिया आपल्या कार्डांच्या पिढ्या एकेक करून ड्रायव्हरच्या चालू शाखेतून, म्हणजे आवृत्त्यांच्या चालू मालिकेतून, वगळते. फर्मी पिढीसाठी ३९० ही शेवटची शाखा होती आणि तिचा आधार २०२२ च्या अखेरीस संपला. केप्लरसाठी, म्हणजे जीटी ७१० सारख्या कार्डांसाठी, ४७० ही शेवटची शाखा. तिचा आधार २०२४ च्या सप्टेंबरमध्ये संपला. मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या पिढ्यांसाठी ५८० ही शेवटची शाखा असल्याचे कंपनीने जाहीर केले आहे, आणि जीटीएक्स १०५०, १०६० किंवा जीटी १०३० ही घरोघरी असलेली कार्डे पास्कलच आहेत. शाखा बंद झाली म्हणजे कार्ड त्याच दिवशी मरत नाही. पण कर्नल पुढे जात राहतो, त्याच्याशी जुळवून घेणारे कोणी उरत नाही, आणि एका अपडेटला ते तुटते. अशा वेळी नवी शाखा घालण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. उबुंटूवर ‘उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस’ हा आदेश आपल्या कार्डाला कोणती शाखा चालेल ते सांगतो. तेवढीच घालावी, आणि ती नव्या कर्नलवर घडत नसेल तर आधीच्या दीर्घ मुदतीच्या कर्नलवर राहावे किंवा नूव्होकडे वळावे.

नूव्होकडून काय अपेक्षा ठेवावी हेही पिढीवर अवलंबून आहे. हा ड्रायव्हर २०१० पासून कर्नलच्या झाडात आहे, आणि कार्ड कसे चालते याचा शोध बाहेरून घेत तो लिहिला गेला. केप्लरपर्यंतच्या कार्डांवर टंकलेखन, जमाखर्च, ब्राउझर एवढ्या कामाला तो पुरेसा आहे. पण २०१४ मध्ये आलेल्या जीटीएक्स ९०० मालिकेपासून कंपनीने स्वतःची सही असलेले फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम) बंधनकारक केले, आणि ते नसल्यामुळे नूव्होला या कार्डांचा वेग वाढवता येईना. कार्ड सुरू होताना ज्या कमी वेगावर असते तिथेच ते राहते. ट्युरिंग पिढीपासून, म्हणजे जीटीएक्स १६५० आणि आरटीएक्स २० मालिकेपासून, कार्डावर जीएसपी नावाचा स्वतंत्र लहान प्रोसेसर आहे, आणि ६.७ या कर्नलपासून नूव्हो त्याच्या फर्मवेअरमार्फत वेगाचे नियंत्रण करू शकतो. अडचणीत सापडली ती मधली कार्डे: जीटीएक्स ९०० मालिका आणि पास्कल. त्यांच्यासाठी कंपनीची शाखाही संपते आहे आणि मुक्त ड्रायव्हरचे हातही बांधलेले आहेत. जुन्या बाजारात जीटीएक्स १०६० स्वस्त मिळते म्हणून कोणी विचारतो, तेव्हा लिनक्ससाठी ते घेऊ नये असे मी स्पष्ट सांगतो.

२०१२ च्या जूनमध्ये फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात बोलताना लिनक्स कर्नलचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी, कर्नलकर्त्यांना ज्या कंपन्यांशी व्यवहार करावा लागला त्यांत एनव्हिडिया सर्वांत वाईट, असे जाहीरपणे म्हटले होते. त्यानंतर दहा वर्षांनी, २०२२ च्या मे महिन्यात, कंपनीने ट्युरिंग आणि पुढच्या पिढ्यांसाठी आपल्या कर्नल मॉड्यूलचा स्रोत खुला केला, आणि नंतर आलेल्या ब्लॅकवेल पिढीला तर हेच खुले मॉड्यूल लागते. हे पाऊल खरोखर मोठे आहे. परंतु ‘ड्रायव्हर आता खुला झाला, म्हणजे अपडेटनंतरचा त्रास संपला’ असा जो समज झाला आहे तो चुकीचा आहे. खुले असणे आणि कर्नलच्या झाडात असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ते मॉड्यूल अजूनही झाडाबाहेर आहे, त्यामुळे प्रत्येक कर्नलसाठी ते पुन्हा घडवावेच लागते, आणि ओपनजीएल (चित्र काढण्यासाठी), कुडा (कार्डावर हिशेब करण्यासाठी) वगैरे वरचे भाग बंदच आहेत. झाडात राहणारा, रस्ट भाषेत लिहिलेला नोव्हा हा नवा ड्रायव्हर २०२५ पासून कर्नलमध्ये आकार घेतो आहे, पण रोजच्या कामाची यंत्रे आज त्याच्यावर सोपवता येणार नाहीत.

एएमडीची वाट वेगळी होती. २००६ मध्ये एटीआय ही ग्राफिक्सची कंपनी विकत घेतल्यावर पुढच्याच वर्षी कंपनीने मुक्त ड्रायव्हरला पाठिंबा आणि चिपची कागदपत्रे देण्याचे जाहीर केले, आणि २०१५ मध्ये ४.२ या कर्नलबरोबर ‘एएमडीजीपीयू’ झाडात आला. त्याचे फळ असे की २०१० च्या सुमाराची रेडिऑन एचडी ५४५० सारखी कार्डे आजच्या कर्नलवरही काही न घालता चालू होतात. एएमडीच्या कार्डांनाही बंद फर्मवेअर लागतेच, तेवढ्यापुरती तीही पूर्ण मुक्त नाहीत. त्यांचा नेहमीचा दोषही वेगळा आहे: कार्ड नवे आणि लिनक्स जुने. कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’ (टाइप करताना फक्त डी, एम, ई, एस, जी) या आदेशात फर्मवेअर चढवताना उणे २ ही चूक दिसली तर ती फाइलच डिस्कवर नाही असे समजावे. डेबियन या वितरणात त्यासाठी ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा विभाग चालू करून ग्राफिक्सचे फर्मवेअर पॅकेज घालावे लागते. इतरत्र कर्नल, मेसा (ओपनजीएल पुरवणारा मुक्त संच) आणि फर्मवेअर ही तिन्ही एकत्र नव्या आवृत्तीवर न्यावीत, कारण एकच पुढे नेले तर गोंधळ वाढतो.

विकत घेताना काय घ्यावे असे विचारले तर माझे मत असे: चार-पाच वर्षे कोणी हात लावणार नाही अशा यंत्रात इंटेलचे अंगभूत ग्राफिक्स किंवा एएमडीचे कार्ड असावे. ज्यांचे पोट कुडावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर आहे त्यांना एनव्हिडिया घ्यावेच लागेल, मग ते किमान ट्युरिंगचे असावे.

मॉड्यूल घडलेच नाही

जुना कर्नल चालतो, नवा चालत नाही आणि कार्डाची शाखाही योग्य आहे, अशी खात्री झाल्यावर ‘डीकेएमएस स्टेटस’ हा आदेश द्यावा. प्रत्येक नव्या कर्नलसाठी मॉड्यूल घडवून बसवणारी ही व्यवस्था आहे. यादीत जुन्या कर्नलचे नाव असेल आणि नव्याचे नसेल तर घडण फसली आहे. तिची तीन कारणे मला वारंवार दिसतात.

एक म्हणजे हेडर, म्हणजे कर्नलच्या आतल्या भागांचे वर्णन देणाऱ्या फाइली, नसणे. घडणीसाठी त्याच कर्नलच्या हेडरचे पॅकेज लागते, आणि कोणीतरी जागा वाचवण्यासाठी ते काढलेले असते. उबुंटूवर ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’ घातले की ते पुढेही कर्नलबरोबर येत राहते. दुसरे म्हणजे ‘बूट’ हे स्वतंत्र विभाजन भरलेले असणे. ‘डीएफ’ हा आदेश ‘एच’ या पर्यायासह देऊन ते पाहावे आणि जुने कर्नल ‘ऑटोरिमूव्ह’ने काढावेत. फाइली हाताने पुसू नयेत. ‘युनेम’ हा आदेश ‘आर’ या पर्यायासह देऊन चालू कर्नल कोणता ते न पाहता पुसणाऱ्यांनी चालता कर्नलच पुसल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

तिसरे कारण कंपायलरचे, म्हणजे स्रोतापासून प्रोग्राम घडवणाऱ्या साधनाचे. २०२४ च्या सुरुवातीला उबुंटू २२.०४ वर ६.५ हा कर्नल आला. तो जीसीसी या कंपायलरच्या १२ व्या आवृत्तीने घडवलेला होता, पण यंत्रांवर नेहमीचा कंपायलर ११ होता, आणि त्याला कर्नलने मागितलेला एक पर्यायच ओळखता येत नव्हता. त्यामुळे अनेकांची मॉड्यूल घडली नाहीत. जीसीसी १२ घातल्यावर ती घडली. असे कारण शोधायचे ते घडणीच्या ‘मेक डॉट लॉग’ या फाइलीत, जी ‘व्हार’, ‘लिब’, ‘डीकेएमएस’ या मार्गावर मिळते. ती वाचताना शेवटच्या ओळीकडे पाहू नये, वरून येणारी पहिली चूक शोधावी. शेवटी शेकडो ओळींचा गदारोळ असतो आणि तो सगळा त्या पहिल्या एका चुकीचा परिणाम असतो.

सिक्युअर बूट आणि निळी स्क्रीन

मॉड्यूल घडले आहे पण चढत नाही, आणि ‘मॉडप्रोब’ केल्यावर किल्ली नाकारल्याचा संदेश येतो, तर सिक्युअर बूट चालू आहे. ‘मॉकयुटिल’ला ‘एसबी-स्टेट’ हा पर्याय दिल्यावर ते निश्चित कळते. मान्य किल्लीची सही नसलेले मॉड्यूल कर्नल अशा वेळी चढवत नाही. हा बिघाड नाही, संरक्षण आहे, म्हणून सिक्युअर बूट बंद करण्याचा सल्ला मी सहसा देत नाही. उबुंटूवर वितरणाने स्वतः घडवून सही केलेली एनव्हिडिया मॉड्यूल मिळतात. ती घेतली तर डीकेएमएस आणि किल्ली दोन्हींचा प्रश्न मिटतो.

डीकेएमएसच वापरायचे असेल तर ड्रायव्हर घालताना एक तात्पुरता पासवर्ड विचारला जातो, आणि पुढच्या रीस्टार्टला निळ्या पार्श्वभूमीवर किल्ली नोंदवण्याचे पान येते. ते पान जेमतेम दहा सेकंद थांबते. एका दुकानात मी हे पान चार वेळा हुकताना पाहिले आहे, कारण मॉनिटर जागा व्हायलाच सात-आठ सेकंद घेत होता आणि चित्र येईपर्यंत यंत्र पुढे निघून जात होते. पाचव्या वेळी आम्ही मॉनिटरची वाट न पाहता खाली जाणारी बाण-कळ दाबत राहिलो आणि पान थांबले. तिथे किल्ली नोंदवण्याचा पर्याय निवडावा, पुढे चालण्याचा निवडू नये. तात्पुरता पासवर्ड आधीच पेन्सिलने कागदावर लिहून ठेवावा, कारण तो एकदाच लागतो आणि म्हणूनच नेमका विसरला जातो.

दोन मार्गांनी घातलेला एकच ड्रायव्हर

सोप्या उपायांतला हा शेवटचा आणि सर्वांत किचकट. कोणीतरी कंपनीच्या संकेतस्थळावरून ‘डॉट रन’ फाइल आणून ड्रायव्हर घातलेला असतो, आणि वर वितरणाचे पॅकेजही घातलेले असते. दोघे एकमेकांच्या फाइली खोडतात. लॉगिनच्या पानावर परत फेकले जाण्यामागे मला बहुधा हेच सापडते. आधी त्याच ‘डॉट रन’ फाइलीला ‘अनइन्स्टॉल’ हा पर्याय देऊन तिने घातलेले काढावे, मग वितरणाची एनव्हिडियाची सर्व पॅकेजे ‘पर्ज’ करावीत, म्हणजे सेटिंगसह काढावीत, रीस्टार्ट करून नूव्होवर डेस्कटॉप येतो का ते पाहावे, आणि त्यानंतरच एका मार्गाने, शक्यतो वितरणाच्या, ड्रायव्हर पुन्हा घालावा. मधला रीस्टार्ट वगळू नये. स्वच्छ अवस्था एकदा डोळ्यांनी पाहिली नाही तर पुढची चूक जुनी की नवी हे सांगता येत नाही.

दोष नव्या कर्नलमध्येच आहे असे दिसले तर ‘एपीटी-मार्क होल्ड’ने कर्नल काही काळ रोखून धरता येतो. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी आणि महिन्याभरात रोख काढावी, कारण त्या काळात सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबलेल्या असतात.

इथे थांबावे

‘डीमेसेज’मध्ये एक्सआयडी ७९ ही एनव्हिडियाची चूक, म्हणजे कार्ड बसवरून (मदरबोर्डशी जोडणाऱ्या वाहिनीवरून) निसटल्याची नोंद दिसली, किंवा जुन्या कर्नलवरही यंत्र अर्ध्या तासाने गोठत असेल, तर सॉफ्टवेअर बाजूला ठेवावे. भिंतीवरचे बटण बंद करून, वायर काढून, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे आणि मग कार्ड एकदाच काढून नीट बसवावे, त्याच्या विजेच्या जोडण्या घट्ट कराव्यात, पंख्यातील धूळ काढावी. फौंड्रीच्या जवळच्या कार्यालयांत ही धूळ काळी आणि जड असते, आणि ती साध्या फुंकरीने जात नाही. पंचगंगेच्या २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात जी यंत्रे भिजली आणि वाळवून पुन्हा चालू केली गेली, त्यांच्या खाचेत हिरवट गंज दिसला तर ती खरडू नये.

एवढे करूनही तेच होत असेल तर घरच्या घरी करण्यासारखे काही उरत नाही. पॉवर सप्लायचा डबा कधीही उघडू नये, कारण वायर काढल्यावरही त्यात घातक दाब राहतो. जळका वास, फुगलेले कपॅसिटर, कंपनीच्या चिन्हावरच दिसणारे पट्टे, यंत्राला हात लावल्यावर जाणवणारा झटका यांपैकी काहीही असेल तर यंत्र बंद करून हार्डवेअरच्या तंत्रज्ञाला बोलवावे, आणि झटक्यासाठी आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. लॅपटॉपचे कार्ड मदरबोर्डवरच जोडलेले असते, म्हणून तो उघडू नये. हमीच्या मुदतीतले कार्ड तर मुळीच उघडू नये. हॉट एअरने कार्ड ‘शेकून’ देणारे लोक भेटतात. ते कार्ड काही आठवडे चालते आणि पुन्हा जाते, म्हणून त्यासाठी पैसे देऊ नयेत. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल आणि तिची बॅकअप प्रत नसेल, तर वर दिलेल्या पॅकेज काढण्याच्या पायरीआधीच थांबून जाणकाराला बोलवावे.

तंत्रज्ञाकडे जाताना यंत्राबरोबर एक कागद न्यावा: कार्डाचा चिप क्रमांक, चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या कर्नलच्या आवृत्त्या, ड्रायव्हरची शाखा, आणि बिघाड पहिल्यांदा दिसला ती तारीख. पेनड्राइव्हवर ‘डीमेसेज’चे पूर्ण लिखाण घ्यावे, आणि एनव्हिडिया असेल तर ‘एनव्हिडिया-बग-रिपोर्ट’ या स्क्रिप्टने तयार होणारी फाइलही घ्यावी. तंत्रज्ञ प्रथम विंडोज घालून पाहू असे म्हणाला, तर त्याला वेगळ्या डिस्कवर घालायला सांगावे आणि आपली डिस्क काढून स्वतःजवळ ठेवावी.